मत बदलतं, त्याआधी पत्ता बदलतो

गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या थोडं अलीकडे आमचं संकुल आहे. विषयपत्रिकेवर नववा विषय होता, गेटसमोरच्या फेरीवाल्यांना हटवण्यासाठी महापालिकेला निवेदन देण्याचा. तोवर लिफ्टच्या मेंटेनन्सवरून आणि पाहुण्यांच्या पार्किंगवरून दीड तास गेला होता. लोकांना जेवायला जायचं होतं. चेअरमननी विचारलं, "ठरावाच्या बाजूने?" क्लब हाऊसमधले झाडून सगळे हात वर गेले. त्यात माझाही होता.

मी आता ५८ वर्षांचा आहे. २१ व्या वर्षी ठाणे स्टेशनबाहेर महापालिकेची गाडी फेरीवाल्यांचा माल उचलायला आली, तेव्हा त्या गाडीपुढे बसकण मारलेल्या दहा-बारा पोरांत मी होतो. एका डाव्या युवक संघटनेत आम्ही काम करायचो. भिंती रंगवायचो, पत्रकं वाटायचो, रात्री उशिरापर्यंत तलावपाळीच्या कठड्यावर बसून वाद घालायचो. त्या दिवशी पोलिसांनी आम्हाला उचलून बाजूला केलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. गाडीपुढे बसताना आपण बरोबर आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि क्लब हाऊसमध्ये हात वर करतानाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो. येऊरच्या पाड्यावरून येणाऱ्या मावशी नेहमीच्या जागी, सिक्युरिटी केबिनच्या डाव्या हाताला गोणपाट अंथरून बसल्या होत्या. समोर मेथी, अंबाडी आणि लाल माठाच्या चार-चार जुड्या. त्यांना ठरावाचं काहीच माहीत नव्हतं. "भाऊ, मेथी घ्या, कोवळी आहे," म्हणाल्या. मी वीस रुपये दिले, जुडी घेतली. त्यांनी सवयीने वर दोन हिरव्या मिरच्या टाकल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. माझं मत बदललं कधी? आणि कोणी बदललं?

यावर समाजात एक तयार उत्तर असतं. विशीत डावा नसेल त्याला काळीज नाही आणि चाळिशीतही डावाच राहिला त्याला डोकं नाही, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते बहुधा चर्चिलच्या नावावर खपवलं जातं. चर्चिल असं म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि त्यांचं आयुष्य तर नेमकं उलटं चाललं. १९०० साली हुजूर पक्षाचे खासदार म्हणून ते निवडून आले, १९०४ साली उदारमतवाद्यांकडे गेले आणि १९२४ च्या सुमारास परत हुजूर पक्षात आले. पण माझा आक्षेप वाक्याच्या मालकीवर नाही. केस पिकतात तसं मतही आपोआप पिकतं, असं ते वाक्य सांगतं. म्हणजे कुणी विचार केला नाही, कुणी काही गमावलं नाही, कुणाला जाब द्यायचा नाही. वयाच्या डोक्यावर सगळं टाकून माणूस मोकळा. एवढी सोपी सुटका मला नको आहे.

अमेरिकेत १९३० च्या दशकात थिओडोर न्यूकॉम्ब या मानसशास्त्रज्ञाने बेनिंग्टन कॉलेजातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला होता. सुखवस्तू, परंपरानिष्ठ घरांतल्या या मुली, पण कॉलेजचं वातावरण पुरोगामी. चार वर्षांत त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे विचार घरापेक्षा वेगळे झाले. न्यूकॉम्बने पंचवीस वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं, आणि ऐंशीच्या दशकात तिसऱ्यांदा त्यांची पाहणी झाली. म्हातारपणीसुद्धा त्यांतल्या बहुतेकींनी तरुणपणचे विचार सोडलेले नव्हते. मला महत्त्वाचं वाटतं ते न्यूकॉम्बचं स्पष्टीकरण. या बायकांनी पुढे जे जोडीदार, ज्या मैत्रिणी, जी वर्तुळं निवडली, त्यांनी ते विचार जागते ठेवले. अमेरिकेतल्याच अलीकडच्या दीर्घकालीन पाहण्याही सांगतात की बहुतेकांची मतं फारशी हलत नाहीत. ज्यांची हलतात त्यांच्यात परंपरेकडे झुकणारे अधिक असतात, हेही त्यांत दिसतं आणि ते मी लपवणार नाही. पण मत टिकायला संगत लागते, हे तिकडचं निरीक्षण मला ठाण्यात घरोघरी दिसतं.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत वागळे इस्टेट होती. आम्ही किसन नगरच्या चाळीत राहायचो. बाबांच्या राजकारणाला पुस्तकांचा आधार नव्हता. आधार होता तो गेट मीटिंगचा. पहिली शिफ्ट सुटली की अर्धा तास गेटवर, मग नाक्यावर कटिंग. बोनसपासून सुरू झालेलं बोलणं महागाईवर जायचं, महागाईवरून सरकारवर. युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आमच्या देव्हाऱ्याच्या मागे खिळ्याला टोचलेल्या असायच्या, उदबत्तीच्या धुराने पिवळ्या पडलेल्या. शेजारचे काका त्याच कारखान्यात पेंटिंग खात्यात होते आणि संध्याकाळी शाखेत जायचे. रात्री जेवणं झाली की दोघांची गॅलरीत जुंपायची. आवाज चढायचे. आई आतून भांडी आपटायची. पण दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डब्यातलं लोणचं खात कामाला जायचे, आणि रात्री भांडण पुढे सुरू.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव त्यातून पुन्हा उभं राहिलं नाही. त्याची धग ठाण्यालाही लागली. पुढच्या दहा-बारा वर्षांत वागळेपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत एकामागून एक भोंगे बंद होत गेले. १९९३ मध्ये बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. नंतर त्या जागी काचेची इमारत आली. बाबांनी मत बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांची मत बोलायची जागाच गेली. गेट राहिलं नाही, नाका राहिला नाही, शेजारचे काका दिव्याला राहायला गेले. त्यानंतर पंधरा वर्षं बाबा जगले, प्रत्येक निवडणुकीत मतदानाला गेले, पण कुणाला मत दिलं ते मला कधीच कळलं नाही. घरात राजकारण निघालं की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

माझी गोष्ट तेवढीही नाट्यमय नाही. नोकरी लागली, लग्न झालं, २०१० मध्ये वीस वर्षांचं कर्ज काढून घोडबंदरला फ्लॅट घेतला. संघटना सोडल्याचा राजीनामा मी कधी दिला नाही, फक्त बैठकांना जाणं कमी होत गेलं. आता मी रोज ज्यांच्याशी बोलतो ते सगळे फ्लॅटचे मालक आहेत. सकाळच्या फेरीत, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. चांगली माणसं आहेत. कोविडच्या काळात त्यांनी आमच्या दाराशी औषधं आणून ठेवली होती. पण गेल्या पंधरा वर्षांत जो भाड्याने राहतो, रस्त्यावर विकतो आणि ज्याच्याशी माझा बरोबरीने वाद होऊ शकतो, असा एकही माणूस माझ्या रोजच्या बोलण्यात आला नाही. माझं जुनं मत कुणी खोडून काढलं नाही. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून ते गळून पडलं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ठरावामागची सगळीच कारणं खोटी नव्हती. मेट्रोच्या कामाने आमच्या बाजूचा रस्ता वर्षानुवर्षं आवळलेला आहे. मावशी आणि त्यांच्या शेजारचे फळवाले बसतात तिथे फुटपाथ उरत नाही, आणि माझी ८० वर्षांची आई काठी टेकत रस्त्यावरून चालते. मुलाला वाटतं आईला चालायला जागा हवी, यात लाजण्यासारखं काही नाही. लाजेची गोष्ट ही की हात वर करताना माझ्या मनात दुसरी बाजू आलीच नाही. एकेकाळी जी माझीच बाजू होती.

माझा कॉलेजपासूनचा एक मित्र ऐरोली-घणसोली पट्ट्यातल्या गावचा, आगरी. त्याचे वडील शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, लाल बावट्याचे. १७ मार्च १९७० ला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवं शहर आखलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मित्राचे वडील त्या मोर्चांत होते. सरकार म्हणजे आपली जमीन घेणारा, हे त्यांचं राजकारण शेवटपर्यंत तसंच राहिलं. मुलाचं मात्र वेगळं झालं. कुटुंब वाढलं तसे गावठाणात मजले चढले. तिकडे त्यांना गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतात. खोल्या भाड्याने गेल्या, कधी मराठवाड्यातल्या पोरांना, कधी बिहारच्या कुटुंबाला. ज्या सरकारशी बाप लढला, त्याच सरकारकडे मुलाला घर नियमित करून मागायचं आहे. त्याने आजवर तीन पक्ष बदललेत. मी एकदा जरा चिडूनच विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "घरावर बुलडोझर येऊ देत नाही तो माझा पक्ष. माझ्या बापाचंपण तेच होतं. त्याची जमीन होती, माझं घर आहे."

त्याच्याकडे बघताना मला कळलं की पक्ष बदलणं आणि मूळ मत बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या घराण्यात ओळखीचे शब्दच दोनदा बदलले. आजा शेतकरी होता, बाप प्रकल्पग्रस्त झाला, हा स्वतःला भूमिपुत्र म्हणवतो. शब्दागणिक शेजारीही बदलला आणि विरोधकही. तरी जून २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून माणसांची साखळी उभी राहिली, तेव्हा चार पक्षांत विखुरलेले त्याचे चुलते-मामे एका रांगेत हात धरून उभे होते, आणि हाही त्यांच्यात होता. घरी आल्यावर त्याने बापाचा फोटो पुसला, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं.

आता निष्ठेबद्दल, कारण ठाण्यात राहून हा विषय टाळता येत नाही. समजा, एक ठाणेकर १९६७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी शिवसेनेने ठाणे नगरपालिका जिंकली तेव्हा, तरुण होता आणि त्याने आयुष्यभर त्याच पक्षाला मत दिलं. त्याला आपण निष्ठावंत म्हणू. पण त्या काळात पक्ष मराठी माणसाच्या नोकरीबद्दल बोलत होता. १९६८ मध्ये मुंबईत त्याची प्रजा समाजवादी पक्षाशी युती होती. आणीबाणीला त्याने पाठिंबा दिला. ऐंशीच्या दशकात हिंदुत्व आलं, १९८९ मध्ये भाजपशी युती झाली, २०१९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार. मग २१ जून २०२२ उजाडला, एकनाथ शिंदेंच्या बंडाने पक्ष फुटला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. आमचा तो निष्ठावंत पंचाहत्तरी ओलांडलेला, जागचा हललेला नाही, आणि एका सकाळी त्याला विचारलं जातं की तू गद्दारांबरोबर की निष्ठावंतांबरोबर. हे एकाच पक्षाचं नाही. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण करणारी काँग्रेस १९९१ मध्ये बाजार खुला करते. १९७७ मध्ये जनसंघ जनता पक्षात विलीन होतो आणि १९८० मध्ये भाजप म्हणून पुन्हा उभा राहताना गांधीवादी समाजवादाचं नाव घेतो. म्हणजे जो मतदार पक्षाला चिकटून राहिला त्याला मतं बदलावी लागली, आणि जो मतांना चिकटून राहिला त्याला पक्ष बदलावा लागला. यातला प्रामाणिक कोण?

गद्दार, टोपीफिरवू, कोलांटउड्या हे शब्द आमदार-खासदारांसाठी राखून ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. ते एका चिन्हावर निवडून येतात, त्या चिन्हाचा हिशेब त्यांनी द्यायलाच हवा. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा त्यासाठीच झाला. नागरिकाने कुठल्याही चिन्हाचं देणं लागून घेतलेलं नाही. पण आपण हे शब्द घरात आणले. भावाने भावाला, सासऱ्याने जावयाला लावले. परिणाम काय झाला, तर मत बदललेला माणूस ते लपवायला लागला. जुनंच मत असल्यासारखा बोलतो आणि मतदान यंत्रासमोर वेगळं बटण दाबतो. ज्याला बदलाचं कारण सांगण्याची कधी वेळच येत नाही, त्याला हळूहळू स्वतःलाही ते कारण सांगता येत नाही. माझं तेच झालं.

कारण सांगून बदलणं म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण तरुणपणाचं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ६५ वर्षांचे. मधल्या २१ वर्षांत त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. ओळख बदलली, पक्ष बदलले, आणि प्रत्येक वळणावर का बदलतो आहे ते आपल्या लोकांपुढे उभं राहून सांगितलं. विरोधकांपुढेही सांगितलं. पासष्टीला माणूस स्वतःची ओळख मुळापासून बदलू शकतो, हे आपल्याच मातीत घडलेलं आहे. तरी आपण चाळिशीनंतर मत घट्ट होतं म्हणून मान डोलावतो.

गांधीजींनी एप्रिल १९३३ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की माझ्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा खरा धरा. मला हे विधान फार आवडायचं. आता ते स्वतःला लावून पाहतो तेव्हा अडखळतो. त्या नियमाने फेरीवाल्यांबद्दलचं माझं खरं मत सप्टेंबरातलं ठरेल. रोज सत्य शोधणाऱ्या माणसाने घालून घेतलेला तो नियम आहे. ज्याने मधली तीस वर्षं शोधच थांबवला, त्याला तो वापरता येत नाही.

आईचं सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. तरुणपणी मतं घडतात आणि पुढे टिकतात किंवा विरतात, हे सगळं बोलणं पुरुषांच्या आयुष्यावरून बेतलेलं आहे. माझ्या आईला राजकीय तरुणपण मिळालंच नाही. बाबा सांगतील त्या चिन्हावर तिने तीस-पस्तीस वर्षं शिक्का मारला. बाबा २००८ मध्ये गेले तेव्हा ती ६३ वर्षांची होती. चाळीत पाणी पहाटे साडेपाचला वीस मिनिटं यायचं. भजनी मंडळातल्या बायका प्रभाग कार्यालयात हंडे घेऊन जायला लागल्या, आई त्यांच्याबरोबर गेली. २०११ मध्ये राज्यात स्थानिक संस्थांत बायकांचं आरक्षण ५० टक्के झालं आणि २०१२ च्या ठाणे महापालिका निवडणुकीत घरी मत मागायला बायका आल्या. त्यांच्यातल्या दोघी आईबरोबर हंडे घेऊन गेलेल्या. मी तिला बाबांच्या पक्षाची आठवण करून दिली. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुझ्या बाबांच्या पक्षाने नळ दिला का मला? मग माझं मत त्यांना का?" त्या दिवसापासून ती रोज पेपर वाचते, माझ्याशी भांडते. तिचं राजकारण साठीनंतर सुरू झालं, आणि माझ्यापेक्षा जास्त जिवंत आहे.

ठरावाबद्दलही मी तिला विचारलं. तिच्याच चालण्यासाठी तो होता ना! ती म्हणाली, "मला फुटपाथ हवाय. पण तिला उठव, असं मी कुठे म्हटलं? तिला नीट जागा द्या की."

मित्र त्याचं कारण कुणालाही सांगू शकतो. आई सांगू शकते. मी मावशींच्या गोणपाटासमोर उभा राहून माझ्या मताचं कारण सांगू शकलो नाही. मत वयाने बदललं की विचाराने, हे तपासायला मला याहून चांगली रीत सापडलेली नाही. ज्याच्या ताटावर त्या मताचा परिणाम होणार आहे, त्याच्या तोंडावर ते बोलता येतं का?

त्यासाठी तो माणूस समोर यावा लागतो. ठाण्यात विचार ऐकायच्या जागा कमी नाहीत. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, रामभाऊ म्हाळगींच्या नावाची व्याख्यानमाला आहे, अत्रे कट्टा आहे. मी तिथे जातो, पुढेही जाईन. पण तिथे माझ्यासारखेच लोक भेटतात, माझ्याच वयाचे, माझ्यासारख्याच घरांतले. गॅलरीतलं रात्रीचं भांडण तिथे होत नाही. गंमत म्हणजे अशी एक जागा कायद्यानेच आखून ठेवलेली आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असावेत, आणि रहिवासी संघटनांनाही जागा आहे. सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही, असंही तोच कायदा म्हणतो. म्हणजे मावशी आणि आमचे चेअरमन एका टेबलाशी बसावेत, एवढी सोय देशाच्या संसदेने केलेली आहे. मला हे ठाऊक होतं. सभेत तोंडातून निघालं नाही.

गेल्या आठवड्यात मी सेक्रेटरींना दोन पानी पत्र दिलं. ठराव फेरविचारासाठी विशेष सभेत घ्यावा, फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाची आणि गेटपासून वीस पावलांवरच्या मोकळ्या पट्ट्यात त्यांना जागा देण्याची मागणी महापालिकेकडे करावी, आणि फुटपाथ मोकळा करून मिळावा, तिन्ही एकाच निवेदनात. पत्र ग्रुपवर आलं तसा बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लगेच फोन केला. "अहो, तुम्हीच तर हात वर केला होतात!"

केला होता. सभेत मी बोलायला उभा राहीन तेव्हा तिथूनच सुरुवात करणार आहे.